भंगारातली पेटी आणि तिच्या पोटातले दोन डबे

१९७६ च्या सुमारास टेक्सासमधल्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या जाणकारानं नासानं मोडीत काढलेल्या सामानाचा मोठा लॉट विकत घेतला. अपोलो १७ चंद्रावरून परत येऊन चार वर्षं होत आली होती. १९७५ च्या जुलैत अमेरिकेचं अपोलो आणि सोव्हिएत सोयूझ या यानांची अवकाशात भेट झाली आणि अपोलोच्या यानांचं कामच संपलं. ह्यूस्टनच्या केंद्रात चाचणीच्या रॅक, केबलींची भेंडोळी, मीटर आणि अर्धवट उघडलेली उपकरणं पडून होती. जागा मोकळी करायची म्हणून ती वजनावर विकली गेली. त्या ढिगात एक चपटी, जड धातूची पेटी होती. घेणाऱ्याला ती महत्त्वाची वाटली आणि त्यानं ती वितळवायला दिली नाही. या प्रकरणातला पहिला आणि बहुधा सर्वांत मोठा निर्णय तोच.

पुढं चाळीसेक वर्षं ती पेटी तशीच राहिली. २०१८ च्या नोव्हेंबरात माइक स्ट्युअर्ट, कार्ल क्लॉन्च, मार्क व्हर्डिएल आणि केन शिरिफ हे जुने संगणक जिवंत करणारे चौघं ह्यूस्टनच्या एका हॉटेलच्या खोलीत ती उघडून बसले. बरोबर ऑसिलोस्कोप (विजेचे संकेत पडद्यावर दाखवणारं यंत्र), पॉवर सप्लाय आणि जुन्या आराखड्यांची चित्रं होती. पुढं जे झालं त्याला लोक ‘दुरुस्ती’ म्हणतात. मला ते मुळात ओळख पटवण्याचं काम वाटतं. समोरची वस्तू नेमकी कोणती, ती कुठं होती, कशासाठी होती आणि तिच्यातला प्रत्येक भाग तिथं का आहे, याची उत्तरं मिळाल्याशिवाय त्यांनी तिला वीज दिली नाही. आधी ओळख आणि मग वीज, हा क्रमच या प्रकरणातून शिकण्यासारखा आहे, म्हणून ते सविस्तर लिहितो.

आधी काय नाही ते ठरवणं

पेटी यानाला वाट दाखवणाऱ्या संगणकाची वाटत होती. साठच्या दशकात अमेरिकेच्या अवकाशयानांत आणि अग्निबाणांत दिशादर्शनाचे संगणक मोजकेच होते. डॉक्टर लक्षणांवरून एकेक आजार बाजूला काढत जातो, तसं इथं करता येतं.

अपोलोच्या आधीच्या जेमिनी यानाचा संगणक आयबीएमचा, वजन २७ किलोच्या आसपास, आणि त्याचा ‘शब्द’, म्हणजे तो एका वेळी हाताळतो तो आकडा, ३९ बिटांचा. त्यात आयसी, म्हणजे एकाच चकतीवर घडवलेले परिपथ, नाहीत, सुटे ट्रान्झिस्टर आणि डायोड आहेत. अपोलोला घेऊन जाणाऱ्या सॅटर्न ५ अग्निबाणाचा संगणकही आयबीएमचाच, पण त्याची जात वेगळी. त्याच्या बोर्डांवर चौकोनी सिरॅमिकच्या चकत्या दिसतात, शब्द २६ बिटांचा असतो, चौकट मॅग्नेशियम-लिथियमच्या हलक्या मिश्रधातूची असते आणि लॉजिकचा प्रत्येक भाग तीनदा बांधलेला असतो, म्हणजे एक बिघडला तरी दोघांच्या मतावर काम चालतं. अपोलोच्या चांद्रयानात, म्हणजे चंद्रावर उतरणाऱ्या भागात, आणखी एक छोटा संगणक होता. मुख्य यंत्रणेनं दगा दिला तर अंतराळवीरांना कक्षेत परत नेण्यासाठी टीआरडब्ल्यू कंपनीनं तो बनवला होता. तो १८ बिटांचा, ४,०९६ शब्दांचा.

भंगारातल्या पेटीत यातलं काही बसत नव्हतं. ती साधारण ६१ सेंटिमीटर लांब, ३२ रुंद, १५ जाड, आणि वजनाला ३२ किलोच्या घरात. मॅग्नेशियमचे दोन ट्रे एकमेकांवर बसवलेले, एकात लॉजिक आणि दुसऱ्यात मेमरी. ट्रेच्या पाठीमागं पिनांचं जंगल आणि त्या पिनांना गुंडाळलेल्या हजारो बारीक तारा. या तारा हातानं गुंडाळलेल्या नाहीत. पंचकार्डांवर चालणाऱ्या यंत्रानं त्या गुंडाळल्या आहेत, म्हणून त्यांची धाटणी इतकी एकसारखी दिसते. एवढ्यावरून जाणकार म्हणेल, हा अपोलोचा मार्गदर्शन संगणक. एमआयटीच्या इन्स्ट्रुमेंटेशन लॅबमध्ये, चार्ल्स स्टार्क ड्रेपर यांच्या देखरेखीखाली त्याची रचना झाली आणि मॅसॅच्युसेट्समध्येच वॉल्थमला रेथिऑन कंपनीनं तो बांधला. १९६१ च्या ऑगस्टमध्ये अपोलो कार्यक्रमातलं पहिलं मोठं कंत्राट मिळालं ते याच संगणकाच्या यंत्रणेला, यानाला किंवा अग्निबाणाला नव्हे.

पण ‘अपोलोचा संगणक’ एवढ्यानं ओळख पुरी होत नाही. तो पहिल्या पिढीचा की दुसऱ्या? याचं उत्तर लॉजिकच्या मॉड्यूलमध्ये डोकावलं की मिळतं. १९६२ च्या अखेरीस या संगणकाचे रचनाकार एल्डन हॉल यांनी नासाला एक धाडसी गोष्ट पटवली होती. नुकत्याच बाजारात आलेल्या आयसी वापरायच्या, आणि त्याही एकाच प्रकारच्या. तीन इनपुटांचं नॉर गेट, म्हणजे तिन्ही इनपुट शून्य असतील तरच एक देणारा परिपथ, बस्स. बेरीज, गणती, स्मृतीचा पत्ता काढणं, घड्याळ विभागणं, सगळं त्या एकाच गेटाच्या जोडण्यांतून. सगळे भाग एकाच जातीचे असले की लाखो तपासता येतात आणि खराब तुकडी आधीच पकडता येते. पहिल्या पिढीत हे गेट गोल धातूच्या टोपीत होतं, एका टोपीत एक. दुसऱ्या पिढीत ते चपट्या पट्टीसारख्या आवरणात आलं, एका आवरणात दोन. एका मॉड्यूलमध्ये अशा १२० चकत्या, निकेलच्या फितींना वेल्ड केलेल्या, आणि २४ मॉड्यूल मिळून सुमारे २,८०० चकत्या. ह्यूस्टनच्या पेटीत रांगेनं दिसले ते चपटे आवरणवालेच. म्हणजे दुसरी पिढी, माणूस घेऊन उडालेल्या प्रत्येक अपोलो यानाची.

उडाली होती का?

हा प्रश्न सगळ्यांच्या जिभेवर असतो, कारण पेटीची किंमत त्यावर ठरते. मला मात्र तो पुराव्याच्या दृष्टीनं जास्त रंजक वाटतो. कमांड मॉड्यूल (अंतराळवीरांना पृथ्वीवर परत आणणारा भाग) आणि चांद्रयान या दोघांत बसणारा संगणक हार्डवेअरच्या दृष्टीनं एकच होता, फरक फक्त आत विणलेल्या प्रोग्रामचा. म्हणजे नुसतं लॉजिक पाहून ‘हा इकडचा की तिकडचा’ हे सांगता येत नाही.

पण एक गोष्ट नक्की सांगता येते. चंद्रापर्यंत गेलेल्या चांद्रयानाचा संगणक कुणाच्या गोदामात सापडणं शक्यच नाही. अपोलो ११ चं ईगल आणि अपोलो १६ चं ओरायन चंद्राच्या कक्षेत सोडून दिली गेली. अपोलो १२, १४, १५ आणि १७ ची परतीची यानं मुद्दाम चंद्रावर आदळवली. अपोलो १० चं स्नूपी अजून सूर्याभोवती फिरतं आहे. अपोलो १३ च्या अक्वेरियसनं तीन माणसांना जिवंत घरी आणलं आणि १९७० च्या एप्रिलमध्ये पृथ्वीच्या वातावरणात ते जळून गेलं. पृथ्वीभोवतीच्या चाचण्यांतली यानंही जळाली. म्हणून कुठल्याही चांद्रयान संगणकाबद्दल ‘हा चंद्रावरून आला’ असं कुणी म्हणत असेल, तर तिथंच थांबावं.

दुसरा पुरावा पेटीतच होता. उड्डाणासाठी बनवलेल्या संगणकाची मॉड्यूलं घट्ट पदार्थानं भरून टाकत. अग्निबाणाच्या थरथराटात तारा हलू नयेत आणि कॅप्सूलमधल्या ओलाव्यानं शॉर्ट होऊ नये म्हणून. एकदा भरलं की आत काही दिसत नाही, मोजता येत नाही, काही तुटलं तर दुरुस्त करता येत नाही. ह्यूस्टनच्या पेटीतली बहुतेक मॉड्यूलं भरलेली नव्हती. झाकण काढलं की चकत्या, ट्रान्झिस्टर, रोहित्रं उघडी दिसत होती. जमिनीवर काम करणाऱ्या यंत्राचं हे लक्षण. उडालेलं नाही म्हणून कुणाला वाईट वाटेल, पण याच एका कारणामुळं पुढं हे यंत्र जिवंत होऊ शकलं. उडालेल्या संगणकांचं नशीब तसं नाही. ते संग्रहालयात काचेमागं आहेत आणि त्यांच्या पोटात काय बिघडलं आहे हे पाहायचं तर क्ष-किरणांशिवाय मार्ग नाही.

अनुक्रमांक आणि जुन्या नोंदींचा माग काढल्यावर पेटीचा पत्ताही मिळाला. तो होता एलटीए-८, म्हणजे ग्रमन कंपनीनं बांधलेलं चाचणी-चांद्रयान क्रमांक आठ. उडण्यासाठी नव्हे, सोसण्यासाठी बांधलेलं. १९६८ च्या मे महिन्यात ह्यूस्टनच्या केंद्रातल्या प्रचंड निर्वात दालनात ते ठेवलं, हवा काढून घेतली, एका बाजूनं अवकाशासारखी थंडी आणि दुसऱ्या बाजूनं सूर्यासारखी उष्णता दिली, आणि आत माणसं बसवली. त्यांत जेम्स अर्विन होते, जे तीन वर्षांनी अपोलो १५ मधून प्रत्यक्ष चंद्रावर उतरले. ग्रमनचे चाचणी-वैमानिकही आळीपाळीनं आत बसले. चांद्रयानात माणूस घालून त्याला अवकाशात पाठवायचं की नाही, याचा होकार या चाचणीवर अवलंबून होता. तो मिळाला, आणि १९६९ च्या मार्चमध्ये अपोलो ९ नं चांद्रयान माणसांसह उडवून दाखवलं.

एलटीए-८ चं धड आजही ह्यूस्टनच्या स्पेस सेंटरमध्ये टांगलेलं पाहायला मिळतं. त्याचा मेंदू तेवढा भंगारात गेला. ही गोष्ट समजल्यावर मला बराच वेळ दुसरं काही सुचलं नाही. ज्या पेटीजवळ बसून माणसांनी श्वास रोखून आकडे वाचले असतील, ती पुढं किलोच्या भावानं विकली गेली.

मेमरीच्या जागेतले दोन डबे

आता या प्रकरणाचा गाभा. इथंच खरं कोडं होतं.

अपोलोच्या संगणकात दोन प्रकारची मेमरी असे. एक पुसता येणारी, २,०४८ शब्दांची. दुसरी कायमची, ३६,८६४ शब्दांची, जिच्यात प्रोग्राम असे. शब्द १६ बिटांचा, त्यातले १५ कामाचे आणि एक पॅरिटीचा, म्हणजे चूक पकडण्यासाठी राखलेला. ही कायमची मेमरी अक्षरशः विणलेली असे. बारीक चुंबकीय कडी रांगेनं मांडायची आणि त्यांतून तारा न्यायच्या. तार कड्यातून ओवली तर एक, कड्याच्या बाहेरून नेली तर शून्य. वॉल्थमच्या कारखान्यात हे काम बायका करत. सुईत तार ओवून, यंत्र दाखवेल त्या कड्यातून ती पलीकडं द्यायची, परत घ्यायची, पुन्हा पुढच्या कड्यातून. एका मॉड्यूलमध्ये ५१२ कडी, आणि एका कड्याशी १९२ तारांचा संबंध, म्हणजे १२ शब्द. अशी सहा मॉड्यूलं. हिशेब करून पाहा, ५१२ गुणिले १२ गुणिले ६, बरोबर ३६,८६४ भरतात. आपल्याकडं हातमागावर उभ्या-आडव्या धाग्यांतून नक्षी उतरते, तसा इथं प्रोग्राम तारेत उतरत असे. एकदा उतरला की पुसता येत नाही, वीज गेली तरी जात नाही, विजेच्या कडकडाटालाही दाद देत नाही.

ह्यूस्टनच्या पेटीत ही सहा विणलेली मॉड्यूलं नव्हतीच. त्यांच्या जागी दोन डबे बसवलेले होते, प्रत्येकी तीन मॉड्यूलांची जागा अडवणारे. बाहेरच्या अंगाला केबल जोडायचे कनेक्टर होते. उडणाऱ्या संगणकात तिथून बाहेर काहीच येत नाही, मग इथं केबल कशासाठी?

तर्कानं एक उत्तर सुचतं. विणकामाला कित्येक आठवडे लागत. प्रोग्राममधली एक ओळ बदलली तरी नवं मॉड्यूल विणावं लागे. चाचणीच्या काळात रोज प्रोग्राम बदलणाऱ्यांना हे परवडणं शक्य नव्हतं. म्हणून खऱ्या मॉड्यूलच्या जागी नकली मॉड्यूल बसवायचं आणि प्रोग्राम बाहेरच्या यंत्रातून केबलनं पुरवायचा. संगणकाला वाटतं की तो आपली विणलेली मेमरी वाचतो आहे, प्रत्यक्षात त्याला प्रत्येक शब्द बाहेरून भरवला जातो. कड्या-तारांच्या त्या विणलेल्या मेमरीचं नाव कोअर रोप, म्हणून या डब्यांना कोअर रोप सिम्युलेटर म्हणत.

नाव मिळालं म्हणून काम संपलं नाही. संगणकाच्या बाकी सगळ्या भागांची चित्रं अभिलेखागारांतून मिळाली होती. माइक स्ट्युअर्ट यांनी तर प्रत्यक्ष पेटी पाहण्याच्या आधीच ती चित्रं पुन्हा रेखून, सबंध लॉजिकचं अनुकरण आधुनिक संगणकावर चालवलं होतं. एखाद्या मॉड्यूलच्या कुठल्या पिनवर कुठल्या क्षणी काय दिसायला हवं, हे त्यांना पेटीआधी ठाऊक होतं. पण या दोन डब्यांचं एकही चित्र सापडलं नाही. उडणारी वस्तू नव्हती, म्हणून कदाचित तिचे कागद जपण्याइतके महत्त्वाचे कुणाला वाटले नसावेत. आत काय आहे ते डबे उघडून, मल्टिमीटरनं एकेक तार मोजून, कागदावर उतरवूनच शोधावं लागलं.

उघडल्यावर आत ट्रान्झिस्टर, रेझिस्टर आणि ‘डिपस्टिक’ अशी छाप असलेले अनोळखी छोटे तुकडे निघाले. ते काय आहेत हे कळायलाही वेळ गेला. ती स्पंद पुढं देणारी छोटी रोहित्रं निघाली. रोहित्र म्हटलं की एक गोष्ट लगेच लक्षात येते. दोन बाजूंमध्ये तारेनं थेट जोडणी नको होती. बाहेरच्या चाचणी-यंत्राचा आणि संगणकाचा विद्युतसंबंध तोडून ठेवायचा, स्पंद तेवढा पलीकडं जाऊ द्यायचा. रचणाऱ्या अभियंत्यानं काय विचार केला असेल, ते त्या एका घटकातून उलगडतं.

आता नकली मॉड्यूलला काय काय करावं लागतं ते पाहा. पहिलं, पत्ता ऐकणं. विणलेल्या मेमरीत पत्ता देण्याची पद्धत उलटी असते. हव्या त्या कड्याला हाक मारत नाहीत, बाकीच्या सगळ्या कड्यांना दाबून ठेवतात. पत्त्याच्या प्रत्येक बिटासाठी आणि त्याच्या उलट्या बिटासाठी तारा असतात. त्यांतून विद्युतप्रवाह सोडला की नको असलेली कडी गप्प बसतात आणि हवं ते मोकळं राहतं. मग ते कडं पालटवलं की त्यातून गेलेल्या तारांत स्पंद उमटतो. सिम्युलेटरला हे प्रवाह पकडून, त्यांतून पत्ता परत काढून, तो बाहेर पाठवावा लागे.

दुसरं काम त्याहून नाजूक. खऱ्या कड्यातून येणारा स्पंद अगदी इवला असतो, आणि संगणकातले प्रवर्धक तेवढाच इवला स्पंद अपेक्षित धरून बांधलेले आहेत. बाहेरून व्यवस्थित काही व्होल्टांचा संदेश आला तर तो तसाच आत देऊन चालत नाही. तो खाली उतरवून, कड्यातून आल्यासारखा करून, नेमक्या वेळी १६ तारांवर ठेवावा लागतो. वेळेचं गणित कडक आहे. संगणकाचं स्मृतिचक्र, म्हणजे मेमरीतून एकदा वाचण्या-लिहिण्याचा फेरा, ११.७ मायक्रोसेकंदांचं. त्यातल्या ठरावीक खिडकीत उत्तर पोचलं नाही तर संगणक शून्य वाचतो, पॅरिटी चुकते आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

केन शिरिफ यांनी हा सबंध परिपथ उलगडून रेखला. मग डब्याच्या कनेक्टरांना एक नवा जोड-बोर्ड लावून, बीगलबोन नावाच्या तळहाताएवढ्या संगणकातून प्रोग्राम पुरवायची सोय केली. रेथिऑनच्या चाचणी-यंत्राची जागा पन्नास वर्षांनी एका छोट्या बोर्डानं घेतली, आणि मधले दोन डबे होते तेच राहिले.

माझ्या मते ओळख खऱ्या अर्थानं इथं पटली. ‘हा कोअर रोप सिम्युलेटर आहे’ असं चिठ्ठीवर लिहिणं आणि त्याला पत्ता देऊन बरोबर शब्द मिळवणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात आपण नाव ठेवतो. दुसऱ्यात वस्तू स्वतः साक्ष देते.

या डब्यांवरून पेटीच्या आयुष्याचा आणखी एक धागा हाती लागतो, पण हा माझा तर्क आहे, तसाच तो वाचावा. ज्या अवस्थेत पेटी भंगारात गेली, ती रोज प्रोग्राम बदलणाऱ्या माणसांच्या टेबलावरच्या यंत्राची होती. निर्वात दालनातली परीक्षा देऊन आल्यावर तिला पुन्हा काम लागलं असावं. उडणाऱ्या भावंडांसाठी लिहिलेले प्रोग्राम आधी स्वतःवर चालवून पाहायचं काम.

वीज देण्याआधी

पन्नास वर्षं बंद असलेल्या यंत्राला थेट २८ व्होल्ट जोडणं म्हणजे एकमेव पुराव्याला आग लावणं. टँटलम कपॅसिटर शॉर्ट झालेला असेल तर क्षणात धूर निघतो आणि शेजारच्या चकत्या जातात. त्या बाजारात मिळत नाहीत. म्हणून आधी पॉवर सप्लायची मॉड्यूलं बाहेर काढून एकटी तपासली. ती २८ व्होल्टांतून १४ आणि ४ व्होल्ट बनवतात, आणि तीही स्विचिंग पद्धतीनं, जी साठच्या दशकात नवलाईची होती. नकली भार लावून ती नीट चालतात हे पाहिलं. ट्रेच्या पाठीमागच्या पिनांमध्ये कुठं शॉर्ट नाही ना, हे कंटिन्युटी लावून, म्हणजे कुठून कुठं वीज वाहते ते पाहून, मोजलं. मग लॉजिकची मॉड्यूलं. घड्याळाचा २.०४८ मेगाहर्ट्‌झचा स्फटिक अजून ठोका देत होता.

जे मॉड्यूल भरून बंद केलेलं होतं, नेमकं तेच बिघडलेलं निघालं. पुसता येणारी मेमरी, २,०४८ शब्दांची, कडक पदार्थात गाडलेली. सोळांपैकी एका बिटाच्या तारेचा प्रवाह आत कुठंतरी तुटलेला होता.

या दोषाचा परिणाम समजून घेण्यासारखा आहे, कारण त्यावरून कुठली तार तुटली हे बाहेरून ओळखता येतं. अशा मेमरीत लिहिताना सगळ्या बिटांच्या कड्यांना ‘एक हो’ असा धक्का बसतो. जिथं शून्य हवं तिथं एक रोखणारा प्रवाह सोडतात आणि ते कडं जागचं हलत नाही. ही रोखणारी तार तुटली तर शून्य लिहिताच येत नाही. काहीही लिहा, वाचताना त्या जागी नेहमी ‘एक’ येणार. मग पॅरिटी चुकते आणि संगणक आपण होऊन सगळं थांबवून नव्यानं सुरू होतो. एमआयटीच्या लोकांनी या संकेताला ‘गोजॅम’ असं नाव दिलं होतं.

तुटलेली तार बाहेर काढायची तर मॉड्यूल फोडावं लागलं असतं. त्यांनी ते फोडलं नाही. त्याऐवजी त्याच खाचेत बसणारं, तेच संकेत समजणारं आधुनिक मॉड्यूल बनवून लावलं आणि मूळ वस्तू तशीच ठेवली. हा संयम मला दुरुस्तीच्या कौशल्यापेक्षा मोठा वाटतो. यंत्र चालू करण्याच्या घाईत ते फोडलं असतं, तर चालू यंत्र मिळालं असतं आणि १९६० च्या दशकातलं एक अखंड मेमरी मॉड्यूल कायमचं गेलं असतं. जुनं घर सारवताना भिंतीवरचं चित्र खरवडून काढण्यासारखं.

२०१९ च्या जुलैपर्यंत, म्हणजे ईगल उतरल्याच्या पन्नासाव्या वर्षापर्यंत, यंत्र अपोलोचे मूळ प्रोग्राम चालवू लागलं. तेही कुणी नव्यानं लिहिलेले नव्हते. छापील कागदांची जाडजूड बाडं जपली गेली होती, म्हणून अपोलो ११ च्या चांद्रयानातला ल्युमिनरी ९९ आणि कमांड मॉड्यूलमधला कमांची ५५ हे दोन्ही ओळीगणिक उपलब्ध होते. रॉन बर्की यांनी सुरू केलेल्या आभासी संगणकाच्या प्रकल्पात ते पानापानानं टंकून घेतले गेले होते. या पेटीवर चंद्रावर उतरण्याचा क्रम अनुकरणात चालला. शिरिफ यांनी त्यावर बिटकॉइनचं हॅश (त्या आभासी चलनासाठी पुन्हा पुन्हा करावं लागणारं गणित) काढून पाहिलं तेव्हा एका हॅशला १०.३ सेकंद लागले. आजच्या यंत्रांपुढं हा वेग काहीच नाही, पण चंद्रावर माणूस उतरवायला तो पुरला होता.

कागदाचं पारडं

या प्रकरणातले पुरावे दोन जातींचे आहेत. धातू, चकत्या, तारा, मोजमापं ही एक जात. आराखडे, अनुक्रमांकांच्या नोंदी, प्रोग्रामच्या छापील याद्या ही दुसरी. मला सुरुवातीला वाटत होतं की खरी मदत पहिल्या जातीची झाली असणार. जितकं खोलात गेलो तितकं दुसरं पारडं जड होत गेलं. पेटी अपोलोची आहे हे धातूनं सांगितलं. ती एलटीए-८ ची आहे हे कागदानं सांगितलं. लॉजिक बरोबर चालतं की नाही हे ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर दिसत होतं, पण काय ‘बरोबर’ हे चित्रांत लिहिलेलं होतं. आणि जिथं कागद नव्हता, त्या दोन डब्यांपाशीच चौघं अडखळले.

त्यांच्याकडच्या चित्रांचं मोल मला त्या दोन डब्यांनीच पटवून दिलं. दोन डब्यांना इतका वेळ लागला, तर सबंध संगणक चित्रांशिवाय उलगडायला किती वर्षं गेली असती? एक मॉड्यूल म्हणजे १२० चकत्या, २४० गेटं, आणि मध्ये वेल्ड केलेल्या फितींचे थर, जे फाडल्याशिवाय वाचता येत नाहीत.

पुढं या मंडळींनी संग्राहकांकडं उरलेली खरी विणलेली मॉड्यूलं वाचायला सुरुवात केली. वॉल्थमच्या बायकांनी ओवलेल्या तारांतून प्रोग्राम शब्दाशब्दानं बाहेर येऊ लागले. त्यांतल्या काही प्रोग्रामांची छापील प्रत कुठंच उरलेली नव्हती. ते फक्त तारेत होते.